आधी तो स्क्रीनशॉट उतरवा

पत्र

नमस्कार. मी चिंचवडला घरगुती फराळाचा व्यवसाय करते. सात वर्षं झाली. दिवाळीत हाताखाली चार बायका असतात, बाकी वर्षभर मी एकटी. इन्स्टाग्राम, फेसबुक, गूगल, व्हॉट्सअ‍ॅप हे सगळं माझा भाचा सांभाळतो. तो २१ वर्षांचा आहे, कॉलेज करून हे बघतो, पैसे घेत नाही.

गेल्या दिवाळीत नागपूरच्या एका बाईंचं पार्सल सहाव्या दिवशी पोचलं. त्यांनी गूगलवर एक स्टार दिला आणि इन्स्टाग्रामवर आमच्या फोटोखाली लिहिलं, "चकल्या सादळलेल्या, करंजीला खवट वास. पैसे पाण्यात गेले." भाचा चिडला. त्याने उत्तर दिलं, "चव कळायला जीभ असावी लागते." शिवाय आदल्या वर्षी त्याच बाईंनी "फराळ अप्रतिम होता, पुढच्या वर्षीही याच पत्त्यावर पाठवा" असा मेसेज केला होता, त्याचा स्क्रीनशॉट स्टोरीला टाकला आणि 'खरं-खोटं' नावाने हायलाइट करून, म्हणजे पेजवर कायम दिसेल असा, ठेवला. त्यात नाव, नंबर, पत्ता सगळं दिसतंय. त्यांनी काढायला सांगितलं तर त्यांना ब्लॉक केलं. आता हे प्रकरण आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतंय. संक्रांतीच्या गुळपोळीच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या.

भाचा म्हणतो, नातेवाइकांकडून चाळीस पाच-स्टार रिव्ह्यू लिहून घेऊ, एका फूड व्लॉगरला फुकट डबा देऊन रील करून घेऊ. आमचा १८० ग्राहकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर खुलासा टाकू. माझे दोन प्रश्न आहेत. त्या उद्धट उत्तराबद्दल जाहीर माफी मागावी का? माल खराब नव्हता, कुरियरने उशीर केला. माफी मागितली तर मालच खराब होता असं कबूल केल्यासारखं होईल. आणि भाच्याकडून हे काम काढून घेऊ का?

— एक फराळवाली, चिंचवड

उत्तर

ताई,

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. भाच्याला हाक मारा, फोन हातात घ्या आणि 'खरं-खोटं' हा हायलाइट काढून टाका. इन्स्टाग्रामची स्टोरी आपोआप फेसबुकवरही जात असेल तर तिथेही बघा. भाच्याने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला किंवा मित्रांच्या ग्रुपवर ती टाकली असेल तर तिथूनही काढायला सांगा. मग त्या बाईंचा ब्लॉक उघडा. दहा मिनिटांचं काम आहे. ते झालं की बसून पुढचं वाचा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उद्धट उत्तराची तुम्हाला मनापासून लाज वाटते आहे, ते ओळीओळीत दिसतं. पण स्क्रीनशॉटबद्दल तुमचा प्रश्नच नाही. "नाव, नंबर, पत्ता सगळं दिसतंय" हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. माझ्या मते झालेल्या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक तीच आहे. 'जीभ असावी लागते' हे वाक्य वाईटच, पण ते पुसता येतं, त्याची माफी मागता येते, वर्षभराने कुणाच्या लक्षातही राहत नाही. एका बाईचा नंबर आणि फ्लॅटचा पत्ता दोन-अडीच महिने अनोळखी माणसांसमोर उघडा पडला होता. तो कुणी कुणी उतरवून घेतला हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि त्यांनाही नाही. रात्री अकराला अनोळखी नंबरवरून फोन आला की त्यांच्या पोटात काय होत असेल ते बाई म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको.

साताऱ्यात माझ्या मामांचं किराण्याचं दुकान होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचे. गल्ल्याखाली उधारीची वही असायची, लाल कापडी बांधणीची, कोपरे तेलकट झालेली. कुणी पैसे द्यायला आलं की मामा वही स्वतःकडे वळवून उघडायचे आणि पान सापडेपर्यंत डावा तळहात वरच्या नावांवरून सरकवत न्यायचे. समोरच्याला फक्त त्याचीच ओळ दिसायची. हे ते इतक्या सहज करायचे की मला वाटायचं, त्यांची ती हात ठेवायची सवयच आहे. एकदा मामा जेवायला आत गेले असताना मी समोरच्या काकूंना सांगून टाकलं की शेजारच्या गुरुजींचे अजून तेवीस रुपये राहिलेत. मामांनी ते आतून ऐकलं. तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री फळ्या लावताना म्हणाले, "वही आपली आहे, त्यातली नावं आपली नाहीत."

तुमच्या फोनमध्ये आज तशीच वही आहे, आणि मामांच्या वहीपेक्षा ती कितीतरी जाड आहे. कुणाचा नंबर, कुणाचा पत्ता, कुणाच्या मुलीच्या केळवणाला किती माणसं, कुणाच्या घरी मधुमेह म्हणून बिनसाखरेचे लाडू. हे सगळं लोकांनी तुम्हाला फराळ पोचवता यावा म्हणून दिलंय. 'अप्रतिम' हा शब्दसुद्धा त्या बाईंनी तुम्हाला खाजगीत लिहिला होता. तुम्ही खूश व्हावं म्हणून. तो पुढच्या वर्षी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाईल अशी शंका त्यांना असती, तर त्यांनी तो लिहिला असता का? आणि मागची दिवाळी छान गेली म्हणून या दिवाळीची तक्रार खोटी ठरत नाही. दोन्ही खरं असू शकतं.

तक्रारीला उत्तर देताना गिऱ्हाइकाची माहिती बाहेर काढायचा मोह मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनाही होतो. अमेरिकेत डॅलस शहरातल्या एका दातांच्या दवाखान्याने येल्प या संकेतस्थळावर एका रुग्णाच्या रिव्ह्यूला उत्तर दिलं आणि त्या उत्तरात रुग्णाचं आडनाव आणि तब्येतीचे तपशील लिहून टाकले. प्रकरण तिथल्या सरकारी आरोग्य खात्यापर्यंत गेलं आणि २०१९ साली त्या दवाखान्याला १० हजार डॉलर भरून ते मिटवावं लागलं. आपल्याकडेही २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केला. त्याचं मूळ तत्त्व साधं आहे: माणसाने ज्या कामासाठी माहिती दिली, त्याच कामासाठी ती वापरायची. मी तुम्हाला कायद्याची भीती घालत नाही. मामांना हा कायदा माहीत नव्हता आणि त्यांचं काही अडलंही नाही.

आता माफीकडे येते. मागायचीच, आणि दोन ठिकाणी मागायची.

पहिली त्या बाईंना, खाजगीत. फोन करू नका. त्यांचा नंबर जगाला वाटल्यावर त्याच नंबरवर अचानक तुमचा फोन जाणं बरं दिसत नाही. मेसेज लिहा, तुमच्या नावाने, स्वतः टाइप करून. भाच्याने लिहून दिलेला नको. साधारण असा:

"नमस्कार ताई. मी फराळवाली. तुमचा नंबर आणि पत्ता आमच्या पेजवर टाकला गेला. ही आमची फार मोठी चूक आहे. तो आज सगळीकडून काढला आहे. त्यामुळे तुम्हाला कुणाचा त्रास झाला असेल तर मला जरूर सांगा. तुमच्या तक्रारीला दिलेलं उत्तरही अपमान करणारं होतं, तेही काढलं आहे. मी मनापासून क्षमा मागते. फराळाचे पूर्ण पैसे मी परत पाठवते आहे. तुमचा रिव्ह्यू तुमचा आहे, तो काढावा अशी माझी अपेक्षा नाही. तुम्ही परवानगी दिलीत तर फोन करून बोलेन."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. पैसे परत देताना "तेवढा रिव्ह्यू काढाल का" असं विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि तिथेच माफीचा सौदा होतो. पैसे परत करायचे ते माल नीट पोचला नाही म्हणून. स्टार वाढावेत म्हणून नव्हे.

दुसरी माफी गूगलवर, त्यांच्या रिव्ह्यूच्या खाली. तिथे लांबण लावू नका. त्या नागपूरच्या आहेत, पार्सल सहाव्या दिवशी पोचलं, त्यांनी काय काय मागवलं होतं, यातलं काहीही लिहू नका. पुन्हा तीच वही उघडी पडेल. एवढंच पुरे: "तुमच्यापर्यंत फराळ चांगल्या अवस्थेत पोचला नाही आणि त्यावर आमचं उत्तर अत्यंत चुकीचं होतं. दोन्हीबद्दल क्षमस्व. तुम्हाला वेगळा मेसेज केला आहे." खाली तुमचं नाव. 'आमच्या टीमकडून' असं लिहू नका, ताई. तुमची टीम म्हणजे तुम्ही आणि भाचा. सोसायटीतल्या सगळ्यांना ते माहीत आहे.

इन्स्टाग्रामवर त्यांची तक्रार अजून असेल तर ती राहू द्या, फक्त भाच्याचं उत्तर काढून त्याजागी हेच ठेवा. तक्रारी पुसत बसू नये. ज्याची पुसली तो चार ठिकाणी लिहितो, आणि मग 'यांनी कमेंट उडवली' ही दुसरी तक्रार तयार होते. शिवीगाळ असेल, कुणाच्या जातीधर्मावरून काही असेल, कुणी तिसऱ्याचाच नंबर टाकला असेल, तर ते मात्र क्षणभरही ठेवू नका.

तुम्ही लिहिता, माफी मागितली तर माल खराब होता असं कबूल केल्यासारखं होईल. ताई, तुम्ही सात वर्षं हे काम करताय, मी तुम्हाला चकली शिकवायला बसले नाही. पण तुमच्या घरून निघताना चकली कुरकुरीत होती आणि नागपूरला डबा उघडला तेव्हा ती सादळलेली होती, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. सुक्या खोबऱ्याचं सारण किती दिवसांत खवट होऊ लागतं, तळणीचं तेल दुसऱ्यांदा वापरलं होतं का, डब्याला आतून नुसती प्लास्टिकची पिशवी होती की सील केलेलं पाकीट, हे तुम्हालाच माहीत. कुरियर तुम्ही निवडलं होतं. त्या बाईंनी पैसे तुम्हाला दिले, कुरियरवाल्याला नाही. म्हणून जाहीर उत्तरात 'कुरियरमुळे' हा शब्द आला की वाचणाऱ्याला तो हात झटकण्यासारखा वाटतो, मग तो कितीही खरा असो. कुरियरशी भांडण वेगळं करा, जोरात करा. आणि पुढच्या दिवाळीला पाकिटावर बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं ते ठळक छापा. तुमचा अन्नपदार्थांचा १४ अंकी परवाना क्रमांक जिथे छापता, त्याच्या शेजारीच. लांबच्या ऑर्डरींना करंजी ऐवजी जास्त टिकणारं काही सुचवता आलं तर ऑर्डर घेतानाच सुचवा.

खोटी तक्रार आली तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. येतात अशाही. तुमच्याकडून कधीच काही न घेतलेला माणूस एक स्टार देऊन जातो. तेव्हाही एकदाच आणि शांतपणे लिहायचं: "या नावाची ऑर्डर आमच्या नोंदीत सापडत नाही. कृपया आम्हाला मेसेज करा, आम्ही लगेच बघतो." खोटारडे म्हणायचं नाही. रिव्ह्यू बनावट वाटला तर गूगलकडे तशी तक्रार नोंदवता येते. रिव्ह्यू केवळ वाईट आहे म्हणून मात्र गूगल तो काढत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता ते चाळीस रिव्ह्यू. हे अजिबात करू नका. नातेवाइकांनी किंवा धंद्यात हितसंबंध असलेल्यांनी लिहिलेले रिव्ह्यू, तसंच भेटवस्तू किंवा सूट देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाहीत. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, ते याच बनावट रिव्ह्यूंचा सुळसुळाट बघून. पण नियम बाजूला ठेवून विचार करा. नंदुरबारच्या काका-काकूंनी, ज्यांनी तुमची चकली कधी विकत घेतलेली नाही, लिहायचं "मी गेली तीन वर्षं ऑर्डर करतो". ते वाचून उद्या वाकडची एखादी नोकरी करणारी मुलगी आपल्या पहिल्या दिवाळीचा फराळ तुमच्याकडून मागवणार. तिने काकांच्या शब्दावर पैसे टाकले, आणि तो शब्द काकांचा नव्हताच. शिवाय एकाच आठवड्यात चाळीस पाच-स्टार, त्यातले निम्मे एकाच आडनावाचे. तुमच्या भागातल्या बायका हे पाच मिनिटांत ओळखतील.

त्याऐवजी हे करा. या संक्रांतीला ज्यांनी गुळपोळ्या नेल्या, त्यांच्या डब्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: "कशा झाल्या ते गूगलवर जरूर लिहा. काही कमी वाटलं तर तेही लिहा." ज्यांना आवडल्या असतील असं वाटतं त्यांनाच चिठ्ठी आणि बाकीच्यांना नाही, असं करू नका. सगळ्यांना. दहापैकी दोघी लिहितील. त्या दोन खऱ्या असतील, आणि त्यांतल्या एकीने "पोळी छान, पण गूळ थोडा जास्त" असं लिहिलं, तर ते वाचून लोकांचा तुमच्या पेजवर जास्त विश्वास बसेल. नुसते पाचच्या पाच स्टार असलेल्या पानाकडे मी तरी संशयाने बघते.

व्लॉगरला डबा द्यायला हरकत नाही. फक्त त्याने व्हिडिओत ते सांगितलं पाहिजे. पैसे दिले नाहीत, नुसता डबा दिला, तरी ती जाहिरातच. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले, त्यात फुकट मिळालेली वस्तूही धरली आहे. मग केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने आणखी स्पष्ट केलं की ही जाहिरात आहे अशी सूचना ठळक हवी, हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेली नको, आणि व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत हवी. म्हणजे मराठी रील असेल तर त्यावर सरळ 'जाहिरात' असं मराठीत दिसलं पाहिजे. तो व्लॉगर कुरकुर करेल, म्हणेल, लेबल लावलं की लोक बघत नाहीत. मग त्याला डबा देऊ नका. आणि "चांगलंच बोल" ही अट घालू नका. चकली त्याला आवडली तर तो बोलेल.

तो १८० जणांचा ग्रुप. ताई, इथे पुन्हा एकदा फोन हातात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. नागपूरच्या बाईंचा एक नंबर भाच्याने रागाने उघडा केला. या १८० जणांचे नंबर तुम्ही प्रेमाने, दिवाळीच्या शुभेच्छा देता याव्यात म्हणून, एकमेकांसमोर उघडे केले आहेत. त्यातल्या किती जणींना विचारून जोडलं होतं? एखादी सोसायटीतल्या कुणापासून मुद्दाम आपला नंबर लपवून राहत असेल, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. त्या ग्रुपवर खुलासा तर टाकूच नका. ज्या १५० जणींना हे प्रकरण माहीतही नाही त्यांनाही ते कळेल, आणि खुलाशात त्या बाईंचं नाव आलं की सगळं पहिल्यापासून सुरू.

ग्रुप बंद करा. बंद करताना एक ओळ लिहा, "तुमचे नंबर एकमेकींना दिसू नयेत म्हणून हा ग्रुप बंद करत आहे. ज्यांना सणासुदीचे दर कळायला हवे असतील त्यांनी मला वेगळा मेसेज करावा." मग ज्या मेसेज करतील त्यांची ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण मावतात, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे ज्यांना तुम्ही हव्या आहात त्यांनाच. १८० च्या साठ होतील. होऊ द्या. त्या साठ जणी मेसेज उघडून वाचतील. आणि मग त्यांना रोज सकाळी फुलांचा फोटो पाठवू नका. गुढीपाडव्याला, गणपतीत, दिवाळीत, म्हणजे तुमच्याकडे खरंच काही विकायला असेल तेव्हा, दुपारच्या वेळी, एकदा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं नसेल तर घ्या, ते फुकट आहे. रात्री दहानंतर 'सकाळी उत्तर देते' असा आपोआप निरोप जाण्याची सोय त्यात आहे. रात्रीच्या घाईत आणि थकव्यात दिलेली उत्तरं बहुतेक वेळा सकाळी पस्तावायला लावतात.

या विषयावर मी इतकी पोटतिडकीने लिहिते आहे त्याचं एक कारण सांगते. आईच्या साठीला आम्ही भावंडांनी पैसे काढून एक पैठणी घेतली, गुपचूप. आईला आयुष्यात पैठणी नव्हती. पदरावरचे मोर निवडायला तासभर लागला होता. दुकानाने दुसऱ्याच दिवशी फेसबुकवर माझं नाव जोडून फोटो टाकला, "आमच्या लाडक्या ग्राहक, आईच्या साठीसाठी खास खरेदी". आईने तो भाजी निवडता निवडता बघितला. ती काही बोलली नाही. साठीच्या दिवशी डबा उघडल्यावर तिने इतकं छान आश्चर्य दाखवलं की मला आतून कळलंच. दुकानाचा हेतू वाईट नव्हता, त्यांना वाटलं आपण कौतुक करतोय. पण विचारलं असतं तर एक शब्द लागला असता, "टाकू का?" तुमच्या पेजवर ग्राहकांच्या घरातले, मुलांचे, केळवणाचे फोटो असतील, तर एकेक करून त्यांना विचारा. नाही म्हणाल्या की लगेच काढा, का म्हणून विचारू नका. दुसऱ्या कुणी काढलेला चकलीचा सुंदर फोटो इंटरनेटवरून उचलून लावला असेल तर तोही उतरवा. तुमची चकली तुमच्या फोनवर जशी दिसते तशी दाखवा.

आता भाचा. काम काढून घेऊ नका.

त्याने जे केलं ते चुकीचं, पण ते कुठून आलं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दिवाळीच्या आठवड्यात पहाटे चारला उठून सोऱ्या दाबताना त्याने तुम्हाला पाहिलंय, मनगटाला मलम लावताना पाहिलंय. कुणी परक्याने त्याला 'पैसे पाण्यात' म्हटलं, आणि ते त्याला आपल्या मावशीच्या हातांना लागलेलं वाटलं. अशा मुलाला बाजूला केलं तर तो मनातून कायमचा दुखावेल, आणि उद्या येणारा पगारी माणूस मनगट बघणार नाही. त्याला हा लेख वाचायला द्या. त्याच्याबरोबर बसून आमच्या मामांची गोष्ट सांगा. मग कामाची वाटणी करा: फोटो, रील, दरपत्रक, ऑर्डरी हे त्याचं. तक्रारीचं उत्तर फक्त तुमचं, आणि तेही तासाभराने. "तुमची तक्रार वाचली, बघून सांगते" एवढं त्याने लगेच लिहिलं तरी चालेल. पुढचं उत्तर तुम्ही आधी कागदावर लिहा, त्याला वाचून दाखवा. त्याला शुद्धलेखन जमतं, तुम्हाला माणसं जमतात.

तरुण मुलांना परदेशी उदाहरण पटतं, म्हणून त्याच्यासाठी एक. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत अनेक बायका ट्विटरवर एका हॅशटॅगखाली लिहीत होत्या, नवरा मारत असतानाही आपण त्या घरात का राहिलो. डिजॉर्नो या पिझ्झा कंपनीच्या अकाउंटवरून कुणीतरी तो हॅशटॅग कशाचा आहे हे न बघता त्यावर पिझ्झाचा विनोद टाकला. काही मिनिटांत ते ट्विट काढलं गेलं, आणि मग त्याच अकाउंटवरून ज्यांनी ज्यांनी राग व्यक्त केला त्या एकेकाला वेगवेगळं उत्तर गेलं, माफी मागणारं, आधी वाचायला हवं होतं हे कबूल करणारं. एकच तयार मजकूर सगळ्यांना चिकटवला नव्हता. भाच्याला सांगा, एवढ्या मोठ्या कंपनीला एकेकाला लिहायला वेळ मिळाला, आपल्याला तर एकाच बाईंना लिहायचंय. आणि गर्दी कशावर बोलते आहे ते वाचल्याशिवाय त्यात उडी घ्यायची नाही. कुणी मोठं माणूस गेलं की श्रद्धांजलीखाली फराळाचा लोगो आणि फोन नंबर लावायची पद्धत पडली आहे, तीही आपल्याकडे नको.

सोसायट्यांच्या ग्रुपवर जे फिरतंय त्याचं काय करायचं, असं वाटत असेल. तिथे जाऊन कुणाशी वाद घालू नका. कुणी सरळ विचारलं तर सरळ सांगा, "चूक झाली, माफी मागितली, पैसे परत केले." तीन वाक्यं. त्या ग्रुपमधल्या बायका तुम्हाला सात वर्षं ओळखतात. गुळपोळ्यांच्या निम्म्या ऑर्डरी गेल्या, पण निम्म्या राहिल्या हेही बघा. त्या ज्यांनी दिल्या त्यांनी सगळं वाचूनच दिल्या असतील.

नागपूरहून उत्तर येईल की नाही मला सांगता येत नाही. कदाचित त्या रागाचे चार शब्द लिहितील. ते वाचा, "तुमचं बरोबर आहे" म्हणा, आणि त्यावर खुलासा करू नका. कदाचित उत्तर येणारच नाही. तरी पुन्हा मेसेज करू नका, कुणा ओळखीच्याला मध्ये घालू नका, दिवाळीला भेट म्हणून डबाही पाठवू नका, कारण तो त्याच पत्त्यावर जाईल. पैसे त्यांच्या खात्यावर पोचल्याची खात्री करून घ्या. मग तुमच्या फोनमधून त्यांचा पत्ता काढून टाका, आणि सणांच्या मेसेजच्या यादीतूनही त्यांचं नाव आजच काढा.